परतीच्या गाडीचा प्रश्न

पश्चिम विदर्भात ‘अपडाऊन’ हा शब्द आता इतका रुळला आहे की, तो मूळचा रेल्वेच्या वेळापत्रकातला परका शब्द आहे याची कुणाला आठवणही होत नाही. मुलीसाठी स्थळ पाहावयास गेलेला बाप मुलाच्या पगाराबरोबरच ‘राहतात कोठे, आणि अपडाऊन करतात काय?’ हेही विचारून घेतो. खामगावी राहून बुलढाण्याच्या कचेरीत जाणारा कारकून, अकोल्यास बिऱ्हाड ठेवून खामगावच्या शाळेत शिकविणारी शिक्षिका, नांदुऱ्याहून शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी, देऊळगाव राजाहून जालन्याच्या कारखान्याची पाळी गाठणारा कामगार, ही सारी या एका शब्दाची लेकरे होत. मुंबईकराला उपनगर असते, आम्हाला तालुका असतो, एवढाच काय तो फरक. खामगावला कुणी अकोल्याचे उपनगर म्हटले तर खामगावकर खवळून उठतील, आणि त्यांचे खवळणे रास्तही होईल. लोकसंख्येने जिल्ह्यात सर्वांत मोठे असलेले हे शहर कुणाचे शेपूट नाही. परंतु ज्या गावातील शेकडो माणसांचा दिवस दुसऱ्या गावच्या घड्याळाप्रमाणे उगवतो आणि मावळतो, त्या गावाचे दुखणे उपनगराचेच असते, मग त्याला नाव काहीही द्या.

या मंडळींनी मुख्यालयी राहावे, म्हणजे प्रश्नच मिटला, असे सांगणारे पुष्कळ आहेत. सरकारी कागदावर तशी अटही आहे. तथापि पती एका तालुक्यात, पत्नी दुसऱ्या तालुक्यात, मुले तिसऱ्या गावच्या शाळेत आणि म्हातारे आईवडील चौथ्या गावी, अशी आजच्या मध्यमवर्गीय संसाराची मांडणी असताना अटीने माणूस हलत नाही, फक्त दाखला हलतो. जे घडतच राहणार आहे ते नीट कसे घडेल एवढेच पाहणे शहाणपणाचे. म्हणून आज आम्ही एक साधा, घरोघरी विचारला जाणारा प्रश्न येथे घेत आहोत: रोज जावयाचे-यावयाचे तर कशाने?

प्रत्येक जण हा प्रश्न आपापल्या ओट्यावर बसून, पेट्रोलचा भाव आणि पगाराची तारीख समोर ठेवून सोडवीत असतो. तो हिशेब आपणही एकदा करून पाहू. खामगाव ते बुलढाणा हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन शंभर. मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर धावली तर रोज दोन लिटर पेट्रोल, आणि पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर. महिन्याचे बावीस दिवस धरले तरी साडेचार हजारांच्या घरात आकडा जातो. त्यात टायर, तेल, दुरुस्ती, विमा आणि पाठदुखीचे औषध मिळवावे. एसटीचे भाडे जानेवारी २०२५ मध्ये जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढल्यानंतर साध्या गाडीला सहा किलोमीटरांच्या टप्प्यामागे साधारण दहा रुपये पडू लागले. नऊ टप्प्यांचे नव्वद; परतीसह एकशेऐंशी. पण मासिक पास काढणाऱ्याला वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो, म्हणजे सुमारे छत्तीसशे रुपये. स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे भाडे झाले असल्याने त्यांचा महिना दोन हजारांच्या आतच बसतो. विद्यार्थ्याला तर पासावर एक-तृतीयांशच द्यावे लागते. हा हिशेब पाहून कुणीही म्हणेल की, एसटीच बरी. मग खामगावच्या चौकाचौकांत सकाळी आठ वाजता मोटारसायकलींचे थवेच्या थवे का दिसतात? ही माणसे काय गणितात कच्ची आहेत?

मुळीच नाहीत. त्यांच्या गणितात एक आकडा असतो, तो तिकिटावर छापलेला नसतो. तो संध्याकाळचा आकडा.

सकाळी वाहन मिळते. एक चुकले तर दुसरे, दुसरे चुकले तर काळी-पिवळी, तीही नाही तर ओळखीच्या कुणाच्या गाडीवर मागे बसून माणूस कचेरीत पोहोचतो. फार झाले तर अर्धा तास उशीर आणि साहेबांचा एक कटाक्ष. संध्याकाळी तसे नाही. राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला, तेव्हा कचेऱ्यांची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी लांबली. सव्वासहाला सही करून, टेबल आवरून निघालेला माणूस बसस्थानकावर साडेसहाच्या आत पोहोचत नाही. त्याच्या दृष्टीने सहाची गाडी असून नसल्यासारखी, आणि पावणेसातची गाडी लाखमोलाची. अशा एका गाडीवर त्याचा सारा दिवस टांगलेला असतो. ती गाडी आज येईल की नाही, आली तर थांबेल की नाही, थांबली तर पाय ठेवावयास जागा असेल की नाही, या तीन शंकांनी पोखरलेला माणूस चार महिने तग धरतो, आणि पाचव्या महिन्यात कर्ज काढून मोटारसायकल घेतो. तो वेग विकत घेत नाही. तो परतीची हमी विकत घेतो. आमच्या मते प्रवासाचे उत्तम साधन कोणते हे ठरविण्याची खरी कसोटी हीच होय. भाडे आणि मिनिटे ही तिच्या मागून येतात.

आणि ही हमी कुणाला किती महाग पडते हेही पाहिले पाहिजे. पुरुष कारकुनाची गाडी चुकली तर घरी जेवण गार होते. खेड्यातून तालुक्याला येणाऱ्या मुलीची गाडी चुकली तर दुसऱ्या दिवशी तिच्या शिक्षणाचीच चर्चा घरात सुरू होते. दुपारी उशिरा असलेले प्रयोग सोडून द्यायचे, वाचनालयात थांबायचे नाही, स्पर्धा परीक्षेच्या वर्गाला जायचे नाही, अशी काटछाट करीत ती शिकते. आणि आपण तिला सवलतीचा पास दिला म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतो! सवलत तिकिटावर मिळते, पण ज्या गाडीवर ते तिकीट वापरावयाचे, ती गाडीच संध्याकाळी नसेल तर सवलतीचा कागद काय चाटायचा आहे? मुलींच्या पासांवर होणारा खर्च सत्कारणी लावण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे अंधार पडण्यापूर्वी एक आणि अंधार पडल्यावर एक अशी खात्रीची गाडी. पहिली चुकली तरी दुसरी आहे, एवढा विश्वास बसला की पुष्कळशा घरांतील पुष्कळसे वाद आपोआप शमतात.

मोटारसायकलवाल्यांना आम्ही दोष देत नाही. दहा-बारा किलोमीटरांच्या अंतराला, खेड्याच्या फाट्यावरून आत जावयाचे असेल तेथे, दुचाकीसारखे साधन नाही. पण पन्नास किलोमीटरांच्या रोजच्या वारीचे ते साधन नव्हे. आपल्याकडील रस्ते रुंद झाले, गुळगुळीत झाले, आणि त्यांवरची वाहने बेफाम झाली. २ एप्रिल २०२५ च्या पहाटे खामगाव–शेगाव रस्त्यावर बोलेरो, एसटी आणि खासगी प्रवासी बस अशा तीन वाहनांचा अपघात होऊन पाच जण ठार झाले. चार चाकांच्या आणि सहा चाकांच्या पोलादी वाहनांची जेथे ही गत, तेथे दिवसभर काम करून थकलेला, डोळ्यांवर समोरच्या दिव्यांचा झोत घेणारा दुचाकीस्वार कशाच्या भरवशावर सुटतो? काळी-पिवळीविषयी तर लिहावयासच नको. ती भरेपर्यंत हलत नाही, आणि भरल्यानंतर थांबत नाही.

अलीकडे पाचसहा जणांनी मिळून वर्गणीने मोटार चालविण्याची पद्धत पडली आहे. ती चांगली आहे, असे आम्ही म्हणू. खर्च वाटला जातो, गप्पा होतात, वाटेत भाजीही घेता येते. पण तिच्यात एक मेख आहे. पाचांपैकी दोघांची बदली झाली की वर्गणी वाढते, तिसरा कंटाळतो, आणि मंडळ मोडते. शिवाय तीत बसण्यासाठी माणसाला नोकरी, ओळख आणि एकच वेळ या तिन्ही गोष्टी असाव्या लागतात. विद्यार्थी, रोजंदारीवरचा माणूस, दवाखान्यात निघालेली म्हातारी यांना त्या मोटारीच्या काचेतून फक्त आत पाहता येते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, ती आमच्या वाचकांपैकी अनेकांना कदाचित रुचणार नाही. २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्या सुमारे साडेपाच महिन्यांत ज्यांना शक्य होते त्यांनी आपापली सोय करून घेतली. संप मिटला, गाड्या हळूहळू सुरू झाल्या, पण सोय करून घेतलेली माणसे परतली नाहीत. यात त्यांचा गुन्हा नाही. परंतु जो वर्ग अर्ज लिहू शकतो, आगारप्रमुखाला जाब विचारू शकतो, वर्तमानपत्राला पत्र धाडू शकतो, नेमका तोच वर्ग बसस्थानकावरून उठून गेला. उरले ते मुके प्रवासी. गाडी रद्द झाली तर ते फलाटावरच्या बाकावर पुढल्या गाडीची वाट पाहतात. एखादी सार्वजनिक व्यवस्था पैशांअभावी जितकी खंगते, त्याहून अधिक ती बोलत्या माणसांअभावी खंगते. मुंबईच्या उपनगरी गाडीला दोन मिनिटे उशीर झाला तर आरडाओरड होते, कारण त्या गाडीत कारकुनाच्या खांद्याला खांदा लावून अधिकारीही लोंबकळत असतो.

आता आमच्या दारातच पडून असलेल्या एका साधनाकडे वळू. जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा तेरा किलोमीटरांचा. १८७० साली तो सुरू झाला तेव्हा त्या आठ मैलांच्या उद्घाटनासाठी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावास आले होते. साहेबाला खामगावकरांचा एकाएकी पुळका आलेला नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली, आणि वऱ्हाडातील कापसाचा मोठा बाजार होता खामगावी. मुंबई–नागपूर रेल्वे आठ मैल दूर जलंबवरून गेली होती. ते आठ मैल बैलगाड्यांनी तुडविण्यापेक्षा रूळ टाकणे परवडले, म्हणून फाटा झाला. त्याच्या सगळ्या जन्मखुणा कापसाच्या आहेत. कापसाच्या गाठीला दहाला कचेरी गाठायची नसते, आणि गाठीला संध्याकाळी घरी परतायचे नसते! ती गेली की गेली. पुढे गाठी रस्त्याने जाऊ लागल्या, फाट्यावर माणसे उरली. पण माणसांच्या येण्याजाण्याचा विचार मुळापासून कुणी केलाच नाही. जलंबला उतरायचे, मुख्य मार्गावरच्या गाडीची वाट पाहावयाची, ती उशिरा आली तर आपली जोडगाडी निघून गेली नसेल अशी आशा करावयाची, हा क्रम पिढ्यानपिढ्यांचा. जलंबला न थांबता धडधडत जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे पाहत उभे राहणे, हाही त्या क्रमाचाच भाग.

त्याच वऱ्हाडात बडनेरा–अमरावती हाही एक छोटासा फाटाच आहे. परंतु अमरावतीकरांनी तो फाटा मानला नाही; आपल्या गावाहून थेट गाडी सुटली पाहिजे हे त्यांनी धरून ठेवले, आणि अमरावतीहून मुंबईस थेट गाडी सुटते. उलट बाजूस मूर्तिजापूरच्या ‘शकुंतले’चे काय झाले तेही आपण पाहिले. यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही दिशांनी धावणारी ती अरुंद रुळांची गाडी गेल्या दशकात थांबली, आणि तिच्या आठवणींवर आता जिव्हाळ्याचे लेख लिहिले जातात. लेख लिहिण्याची वेळ येण्यापूर्वी काही करता आले तर बरे. खामगाव–जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे, ती न्याय्य आहे, आणि तिच्यासाठी झगडणाऱ्यांविषयी आम्हाला आदर आहे. पण दीडशे किलोमीटरांच्या आसपासचा जो मार्ग अजून व्हावयाचा आहे त्यासाठी मोर्चे काढणाऱ्या शहराने, झालेल्या तेरा किलोमीटरांवर एक धड वेळापत्रक मागू नये, याला काय म्हणावे?

रेल्वेचे उत्तर आम्हाला ठाऊक आहे: ‘प्रवासीच नाहीत.’ हे उत्तर म्हणजे भिंतीत दार न ठेवता ‘आत कुणी येतच नाही’ असे म्हणण्यापैकी आहे. ज्या वेळी कुणाला जावयाचे नसते त्या वेळी गाडी सोडावयाची, मग डबे मोजावयाचे, ते रिकामे दिसले म्हणून दुसरी गाडी नाकारावयाची, या चक्रात सापडलेला एकही फाटा आजवर तगलेला नाही. मात्र येथे प्रवाशांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. टाळेबंदीनंतर साध्या गाड्यांचे किमान भाडे तीस रुपये झाले होते, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा दहा रुपयांवर आले. दहा रुपयांच्या प्रवासाला ‘इतक्याशा अंतराला कसले तिकीट’ म्हणून जो फुकट बसतो, तो दहा रुपये वाचवीत नाही. आपण प्रवास केलाच नाही असा पुरावा तो रेल्वेच्या हाती देतो. त्याच्याइतका या फाट्याचा शत्रू भुसावळच्या कार्यालयातही सापडणार नाही.

गेल्या काही वर्षांत दोन गोष्टी अशा घडल्या आहेत की, ज्यांमुळे जुनी सबब टिकू नये. मध्य रेल्वेने आपल्या सर्व ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण २०२३ मध्ये पूर्ण केले. त्यामुळे दोन्ही टोकांना चालकाची खोली असलेली, इंजिन फिरविण्याची खटपट न लागणारी मेमू गाडी हे या अंतराचे स्वाभाविक वाहन ठरते. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्धा–भुसावळ दरम्यानच्या ३१४ किलोमीटरांच्या तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेला मंजुरी दिली. मुख्य मार्गावर मालगाड्यांची इतकी दाटी असते की, साध्या गाडीला बाजूच्या रुळावर काढून ठेवतात आणि तीत बसलेल्या माणसाची नोकरी तिच्यासोबत बाजूला पडते. नव्या मार्गिका पूर्ण व्हावयास वर्षे लागतील हे उघड आहे. पण त्यांवरची जागा कुणाची, हे त्या पूर्ण झाल्यावर ठरत नसते, आधीच ठरते. कोळसा आणि सिमेंट यांचे दलाल आपली जागा मागावयास विसरणार नाहीत.

म्हणून आमची मागणी आम्ही नेमकी मांडतो. खामगावहून सकाळी सुटून जलंबला गाडी न बदलता, शेगाव करून अकोल्यास साडेनऊच्या आत पोहोचणारी आणि अकोल्याहून साडेसहानंतर परत निघणारी एक गाडी द्यावी. अकोला ही आमच्या अपडाऊनची सर्वांत मोठी बाजारपेठ. बाळापूरवरून जाणारा तिचा रस्ता मालमोटारींनी गजबजलेला. रेल्वेचा मासिक पास एसटीच्या पासापेक्षा कितीतरी स्वस्त असतो. एवढे असूनही खामगावचा नोकरदार या दिशेला रस्त्यानेच जात राहिला, तर त्याला मोटारसायकलचा शौक आहे असे कुणी समजू नये.

बुलढाण्याच्या दिशेची गोष्ट निराळी. जिल्ह्याचे ठाणे डोंगरावर वसविताना इंग्रजाने थंड हवा पाहिली, रेल्वे पाहिली नाही; बुलढाण्याला जावयाचे तर मलकापूरकडून राजूर घाट आणि खामगावकडून बोथ्याचा घाट चढलाच पाहिजे. ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणारा हा दुसरा रस्ता रम्य आहे, पण रात्री दुचाकीने जाण्याजोगा नाही. टिपेश्वरहून निघालेला एक वाघ तेराशे किलोमीटरांची पायपीट करून डिसेंबर २०१९ मध्ये याच जंगलात येऊन पोहोचला, हे वाचकांना आठवत असेल. त्याच्या मुक्कामाच्या जागेतून रात्री आठ वाजता हेल्मेट घालून एकट्याने जाणे हे काही जिल्हा कचेरीच्या नोकरीचे कलम असू शकत नाही. या दिशेला एसटीच हवी, आणि ती कचेरी सुटण्याच्या वेळेला बांधलेली हवी. बुलढाण्याहून खामगाव, मलकापूर आणि मेहकर या तिन्ही दिशांना पावणेसातला एक आणि साडेआठला एक अशा गाड्या वर्षभर, सुटीच्या हंगामात किंवा यात्रेला गाड्या वळविल्या तरी, न हलविता ठेवाव्यात. यात्रेला जास्त गाडी लागते हे आम्हाला मान्य आहे. पण ती रोजच्या प्रवाशाच्या तोंडातून काढून देऊ नये. आणि गाडी रद्द झालीच, तर ती रद्द झाल्याचे बसस्थानकावर निदान अर्धा तास आधी जाहीर करावे. यासाठी नवी बसही लागत नाही, नवा रस्ताही लागत नाही. खडूचा एक तुकडा लागतो.

रेल्वेच्या विभागीय प्रवासी सल्लागार समितीपुढे जाताना नुसती भाषणे नेऊन भागणार नाही. खामगाव, जलंब आणि शेगाव येथून अकोल्यास रोज जाणाऱ्यांनी आपले नाव, कामावर पोहोचण्याची वेळ, सुटण्याची वेळ, आणि अशी गाडी मिळाली तर आपण मासिक पास काढू काय, एवढ्या चार गोष्टी एका कागदावर लिहून सही करावी. शाळा, बँका, महाविद्यालये, कचेऱ्या यांतून अशा याद्या महिनाभरात तयार होऊ शकतात. मोटारसायकल घेऊन मोकळे झालेल्या मंडळींनी या यादीत सर्वांत आधी सही करावी, अशी त्यांना आमची विनंती आहे. याद्या खामगाव आणि शेगाव येथील आमच्या वार्ताहरांकडे दिल्यास त्या एकत्र करून भुसावळच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे, आणि एसटीपुरता भाग बुलढाण्याच्या विभाग नियंत्रकांकडे, आम्ही स्वतः पोहोचत्या करू.